अर्धा आटा डावीकडे

सलग तिसऱ्या रविवारी माझ्या वाद्याचा आवाज बसलेला निघाला, तेव्हा माझी खात्री पटली की हे कुणीतरी मुद्दाम करतंय.

एकदा झालं तर हवा दमट म्हणायची. दोनदा झालं तर आपलंच काहीतरी राहिलं म्हणायचं. पण तीनदा? तीनदा म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

माझं वाद्य म्हणजे रेपिनिकी. बादलीएवढा धातूचा ढोल, वर प्लॅस्टिकचं कातडं ताणलेलं, कडेनं आठ नट. उजव्या हातात काठी, डावा हात उघडा. नीट ताणलेला असला तर असा फाडकन बोलतो की रस्त्यापलीकडचा माणूस स्वतःचा खिसा चाचपतो. आमचं पथक साम्बाचं. बावीस माणसं, सगळी हौशी, कुणाला पैसे नाहीत, उलट चहाचे कप प्रत्येकाने आपापल्या घरून आणलेले. बाकीची वाद्यं गप्प असताना रेपिनिकी एकटा पुढे होऊन ‘हाक’ देतो, मग कोच, म्हणजे हे पथक उभं करणाऱ्या पोहण्याच्या शिक्षिका, वर धरलेला हात खाली टाकतात आणि एकवीस वाद्यं एकदम कोसळतात. हाक फसली की सगळं फसलं.

आणि दीड महिन्यापासून ही हाक माझी होती. नववीतली पोरगी, गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, ती! कोचनी एकवीस जणांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं होतं आणि म्हटलं होतं, “आजपासून ही.” बस्स, एवढंच. पण मी त्या दिवशी घरी सायकलवरून नाही, हवेतून गेले.

तर ती हाक आता घशात अडकल्यासारखी वाजत होती. घुर्र, घुप्प. म्हातारा माणूस उशीत तोंड खुपसून खोकतोय तशी.

“काय गं, तुझं भांडं आज पुन्हा घोरतंय,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या काइशा वाजवतात, म्हणजे तारांचा खडखडता ताशा, आणि त्यांच्यामागे सहा काइशेवाले उभे असतात. “आम्हाला मागे हाक ऐकूच येत नाही. अंदाजाने उडी मारतो आम्ही.”

“मी बुधवारी घट्ट करून गेले होते,” मी म्हटलं.

“सगळे असंच म्हणतात. माझे पेशंटही म्हणतात, रोज दोनदा घासतो.” मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली. “मिरवणुकीआधी सुधार बाई. नाहीतर नियम माहितीये ना?”

माहीत नसायला काय झालं! भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता: ज्याचं वाद्य ढिलं, त्याची जागा गेली. कोचनी स्वतः लिहिलेला. हे वाजवणं त्या तरुणपणी ब्राझीलच्या एका पोहणं शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून शिकल्या. तिची खापरपणजी आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्यांपैकी होती, आणि हे ठेके तिच्या माणसांनी मार खाऊनही सोडले नव्हते. “आपण हे उसनं आणलंय,” कोच नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. “स्वतःचं कसंही वापरा. उसनं आणलेलं ढिलं ठेवायचं नाही.” या नियमावर गेल्या वर्षी दोघांच्या जागा गेल्या होत्या. एक तर कोचचा सख्खा भाचा होता.

मिरवणूक तीन आठवड्यांवर होती. नव्या वाचनालयाचं उद्घाटन, सगळा मुख्य रस्ता बंद, आणि सगळ्यात पुढे मी. म्हणजे मी असणार होते. वाद्य असंच घोरत राहिलं तर मी टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत.

गंमत म्हणजे कोच रागावल्या नाहीत. “चालेल,” म्हणाल्या, “मला बरं वाटलं आज.” मला वाटलं, किती चांगल्या आहेत!

*

संशय घ्यायला माझ्याकडे एकवीस माणसं होती, पण खरं सांगायचं तर मी पहिल्या मिनिटातच एकावर येऊन थांबले होते.

चावीवाले काका. माझ्याआधी चार वर्षं रेपिनिकी त्यांच्याकडे होता. “मनगट दुखतं,” म्हणून त्यांनी तो खाली ठेवला आणि दुसरा सुर्डो घेतला. सुर्डो म्हणजे पोटाएवढा मोठा ढोल. पहिला विचारतो ‘धूम’, दुसरा उत्तर देतो ‘धम’, आणि त्या दोघांवर सगळं पथक चालतं. आता मला सांगा, मनगट दुखणारा माणूस हलकं सोडून भारी वाद्य घेतो का? शिवाय आम्ही ज्या बंद पडलेल्या छापखान्याच्या गोदामात सराव करतो, तिथे सगळी वाद्यं कुलपात असतात. किल्ल्या दोनच. एक कोचकडे, दुसरी चावीवाल्यांकडे, कारण कुलूप त्यांनीच बसवलेलं.

“त्यांना वाटत असणार, कानामागून आली आणि तिखट झाली,” मी घरी म्हटलं.

आई इस्त्री करत होती. “तिखट आहेसच. पण पुरावा?”

“पुरावा मिळवणार.”

“मिळेपर्यंत जीभ दातांच्या आत ठेव.”

मावशी जमिनीवर बसून बूट घासत होती. मावशी बस डेपोत मेकॅनिक आहे, पहिला सुर्डो तिचा, आणि मला पथकात तिनेच ओढून नेलं. “चावीवाला?” ती म्हणाली. “अगं तो माणूस दुसऱ्याच्या चपलेवर चुकून पाय पडला तर त्या चपलेची माफी मागतो.”

“अशीच माणसं असतात,” मी म्हटलं. माझा नुसता तपास-अधिकारी झाला होता.

बुधवारी संध्याकाळी सराव संपल्यावर मी सगळ्यांच्या मागे रेंगाळले. पान्याने आठही नट समोरासमोरच्या जोड्यांनी घट्ट केले, काठी मारून बघितली, फाड! मग दप्तरातून नेलपॉलिश काढलं. लालभडक, आईचं. प्रत्येक नटाच्या डोक्यावर एक बारीक ठिपका आणि त्याच्या बरोबर समोर कड्यावर एक. आठ जोड्या. आता कुणी केसभर जरी नट फिरवला तरी ठिपके एकमेकांकडे बघणार नाहीत.

रविवारी सगळ्यांच्या आधी वाद्य उचललं आणि उजेडात धरलं. आठही ठिपके हललेले. एखाददुसरा नाही, आठही. आणि सगळे सारखेच: अर्धा आटा डावीकडे.

आपोआप सैल होणारे नट असे कवायत करत नाहीत. हे हात सवयीचे होते, सावकाश होते, आणि त्यांना आत शिरायला किल्ली होती.

आईचं वाक्य मला आठवलं. पण ते आठवेपर्यंत उचलली जीभ लावली टाळ्याला.

“काका,” मी इतक्या मोठ्यांदा म्हटलं की चहा ओतणारे हात थांबले, “हाक परत हवी होती तर मागायची. रात्री-अपरात्री कुलूप उघडून माझे नट कशाला सैल करायचे?”

गोदाम एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं, माणसं होती तिथेच होती तरी. मी ठिपके दाखवले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिलं आणि “बापरे” म्हणाल्या. मावशी “ए, थांब जरा” म्हणाली, पण मी कसली थांबते! किल्ल्या दोनच, जुना मालक एकच, नट कसे फिरवायचे ते ठाऊक असलेला माणूस एकच. मी बोटांवर मोजून सांगितलं. मला स्वतःचा आवाज आवडत होता, हे मी लपवत नाही.

चावीवाले काका माझ्याकडे बघत होते. मग क्षणभर त्यांनी माझ्या मागे बघितलं. कोच तिथे उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी, हातात वही, आणि चेहरा पाण्याखाली गेल्यासारखा.

“कोच, बोला की काहीतरी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कोचनी वहीचं पान उलटलं.

काकांनी खांद्यावरचा पट्टा काढला, सुर्डो हळूच जमिनीवर टेकवला, आवाजसुद्धा होऊ दिला नाही. खिशातल्या जुडग्यातून गोदामाची किल्ली सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. “सांभाळ,” म्हणाले आणि गेले.

जिंकल्यावर कसं वाटतं? मला वाटलं होतं, याहून बरं वाटत असेल.

*

दुसऱ्या सुर्डोशिवाय पथक लंगडं झालं. मावशी ‘धूम’ करायची आणि उत्तरच यायचं नाही. बुधवारी ती तीनदा थांबली. “मी भिंतीशी बोलतेय,” म्हणाली आणि वाद्यावर काठी आपटली. घरी जाताना सायकल ढकलत ती माझ्या शेजारून चालत होती, पण माझ्याशी एक शब्द नाही.

“पुरावा होता, मावशे,” मीच म्हटलं.

“हं.”

“तूच सांग, दुसरं कोण?”

“मी गाड्या दुरुस्त करते. आवाज येतो पुढच्या चाकातून, बिघाड निघतो मागे.” थोडं पुढे जाऊन ती म्हणाली, “आणि तू किल्ली काय काढून घेतलीस! तो कुलूपवाला आहे. ठरवलं तर हेअरपिनने आत जाईल.”

ती टोमणा मारत होती. मी मात्र ते अगदी खरं धरलं. हेअरपिन! म्हणजे ते अजूनही येऊ शकतात! त्या बुधवारीही मी नट घट्ट केलेले होते, ठिपक्याला ठिपका लावून. रविवारी मी तासभर आधी निघाले, त्यांना रंगेहाथ पकडायला.

गोदामाच्या मागच्या अंगाला खिडकी आहे, कमरेएवढी, काचेवर शाईचे जुने डाग. मी सायकल भिंतीला लावली आणि डागांच्या मधून आत पाहिलं.

आत कोच होत्या.

खाली बसलेल्या, माझा रेपिनिकी गुडघ्यांत धरलेला. ट्रॅकसूटच्या खिशातून पाना काढला आणि एक नट फिरवला. मग त्याच्या समोरचा. मग शेजारचा. आठही झाले तशी बोटाने कातडं वाजवलं आणि डावा कान अगदी जवळ नेला, झोपलेल्या बाळाचा श्वास बघावा तसा. चेहऱ्यावर काही नाही. पुन्हा थोडं फिरवलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा कान. असं तीनदा झालं आणि मग एकदम त्यांचा चेहरा सुटला. गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर सुटतो तसा.

मी मागे सरकले आणि कोपराने सायकल पडली. घंटीसकट. ट्रिंग्, ट्रिंग्, फरशीवर. मी खाली बसले, जीव मुठीत धरून. आता खिडकी उघडणार. आता हाक मारणार.

काहीच झालं नाही. हळूच डोकं वर काढलं तर कोच तशाच, वाद्यावर वाकलेल्या. चार पावलांवर घंटी वाजली आणि त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती.

मग रस्त्यावरून एक ट्रक गेला, जड, घरघरत. कोचनी लगेच मान वर केली.

मी त्या भिंतीला पाठ लावून किती वेळ बसले कुणास ठाऊक. शाळेत ध्वनीचा धडा झालेला होता. बारीक आवाज, जाड आवाज, वरची टोकं, खालची टोकं. मी त्यात वीसपैकी अठरा मिळवले होते आणि मला काहीच समजलेलं नव्हतं. कोचनी तीस वर्षं बंदिस्त तलावावर पोहणं शिकवलं. चारी बाजूंनी फरशा, पोरांच्या किंकाळ्या आणि तोंडात शिट्टी. अर्ध्या गावाला त्यांनी तरंगायला शिकवलं. आणि त्या बदल्यात सगळे बारीक आवाज त्यांच्या कानांतून निघून गेले होते. माझी फाडकन हाक त्यांना ऐकू येतच नव्हती. म्हणून त्या तिला खाली आणत होत्या, अर्धा अर्धा आटा, त्यांना ऐकू येईल तिथपर्यंत.

त्या दिवशी मी सैल वाद्यावरच हाक दिली. कोणी काही विचारलं नाही. आणि मी कोचकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्या माझ्या वाद्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे माझ्या कोपरांवर होते.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर मी चावीवाले काकांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, एका माणसाने आत जायचं असेल तर दुसऱ्याने बाहेर यायचं. ते किल्ली घासत होते. मशीन किंचाळत होतं.

“काका, माझं चुकलं,” मी म्हटलं.

त्यांनी मशीन बंद केलं. “काय म्हणालीस?”

पुन्हा म्हणावं लागलं. तेच जास्त अवघड होतं. “चुकलं माझं. तुम्ही नव्हतात. मी बघितलं, कोण ते.”

ते एकदम उठले आणि दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. “कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

“मावशीला?”

“मावशीला सांगायचं म्हणजे बस डेपोच्या भोंग्यातून सांगायचं.”

ते हसले नाहीत, पण खाली बसले. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. “तुम्हाला आधीपासून माहीत होतं!”

“दोन वर्षं.” त्यांनी किल्लीवरची धूळ फुंकली. “माझं वाजवणं मनगटातलं. जन्मभर कुलपं उघडली, हात हलवायची सवयच नाही. तिला ऐकू यायचं नाही आणि दिसायचंही नाही. दोनदा तिने हात उशिरा टाकला. लोक म्हणाले, कोच थकल्या. तेव्हा मी म्हटलं, माझं मनगट दुखतं.”

“आणि मग मी.”

“मग तू.”

“मलाच का पण?”

त्यांनी किल्ली उगाच उजेडात धरून पाहिली. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. फार उशिरा. “तू लांबून दिसतेस,” ते म्हणाले. “एवढे हात उडवतेस. आंधळ्यालाही दिसेल.”

कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. दोन महिने मी आरशासमोर उभी राहून स्वतःला ‘आजपासून ही’ म्हणत होते. आणि कोचनी एक झेंडा निवडला होता. फडफडणारा.

“मी सांगू का सगळ्यांना?” मी म्हटलं. माझा आवाज वाकडा निघाला.

“सांग. तुझी हाक राहील. तिची शिट्टी जाईल.”

“नाही सांगितलं तर?”

“तर आहे तसंच.”

“म्हणजे तुम्ही चोर.”

त्यांनी घासलेली किल्ली खिळ्याला अडकवली. मग अगदी साध्या आवाजात, बिलाचा आकडा सांगावा तसं म्हणाले, “डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं कुलूप बदलायचं होतं मला, गुरुवारी. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. त्यांचीही चूक नाही. आमच्या धंद्यात माणूस कुलपाला पैसे देत नाही, कुलूपवाल्यावरच्या भरवशाला देतो.”

मी पायांकडे बघत होते. “बुधवारी या,” मी म्हटलं. “नुसते या. मी कोचचं नाव घेणार नाही. आईशप्पथ.”

“मग काय करणार आहेस?”

“तुम्ही या तर.”

*

बुधवारी संध्याकाळी ते आले आणि दाराजवळच उभे राहिले. कुणी त्यांना चहा विचारला नाही. मिरवणुकीआधीचा हा शेवटचा सराव.

मी पुढे गेले. आज मला माझा आवाज अजिबात आवडत नव्हता.

“मला सांगायचंय,” मी म्हटलं. “काकांनी काही केलं नव्हतं. नट मीच नीट आवळले नव्हते. ठिपकेही मीच वाकडे लावले. मग ओरडा बसेल म्हणून त्यांचं नाव घेतलं. माफ करा, काका.”

“अगं कार्टे!” मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या, किडलेला दात बघावा तशा. पण मी कोचकडे बघत होते. त्यांना माझे शब्द नीट पोचले की नाही, कळेना. त्या माझ्या ओठांवर नजर ठेवून होत्या.

“कुठला नट राहिला होता?” त्यांनी विचारलं.

हे मी ठरवलं नव्हतं. “तिसरा,” मी म्हटलं. “आणि... पाचवा.”

आठही सारखेच सैल होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. कोचनी भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, बोला ना. आत्ता बोला. आणि दुसरीकडे म्हणत होते, नका बोलू.

“नियम नियम आहे,” कोच म्हणाल्या. माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही. “ज्याचं वाद्य ढिलं, त्याची जागा गेली. रविवारी हाक चावीवाले देतील.”

झालं. कुंपणानेच शेत खाल्लं आणि राखणदाराला घरी पाठवलं. मी पट्टा काढला. माझ्या खांद्यावरचं वजन गेलं तरी खांदा वर आलाच नाही.

काकांनी रेपिनिकी हातात घेतला. खिशातून पाना काढला आणि सगळ्यांसमोर, सावकाश, आठही नट घट्ट केले. काठीने एकदा वाजवून बघितलं. फाड! किती दिवसांनी. मग ते मधोमध जाऊन उभे राहिले. कोचनी शिट्टी तोंडात धरली, हात वर केला. सगळ्यांनी काठ्या उचलल्या.

काकांनी हाक दिली. सुंदर हाक. मनगटातली, खांदा ढिम्म, कोपर अंगाला चिकटलेलं, मान खाली. मला स्वतःला कधी जमली नव्हती इतकी स्वच्छ.

कोचचा हात वरच राहिला.

कुणीच वाजवलं नाही. काकांनी पुन्हा तीच हाक दिली, तितकीच बारीक हालचाल करून. कोचचे डोळे त्यांच्या खांद्यावरून कोपरावर, कोपरावरून बोटांवर भिरभिरत होते. हात वर. मला कळलं, काका हे मुद्दाम करतायत. त्यांनी मान वर केली, कोचकडे सरळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा वाजवलं.

कोचनी हात खाली आणला, पण ठेका देत नाही, नुसताच. तोंडातली शिट्टी काढली.

“ऐकू येत नाही मला,” त्या म्हणाल्या.

मावशीने उचललेली काठी खाली केली.

“तो वरचा आवाज मला ऐकूच येत नाही. ही माझी शिट्टीसुद्धा मला फक्त दातांत कळते. नट मी सैल करत होते. ही पोरगी खोटं बोलतेय, आणि मी ते चालू दिलं.” त्या भिंतीकडे वळल्या. “पुसा ते. कुणीतरी पुसून टाका.”

मग जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. डॉक्टरीणबाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मी दोन वर्षं या काठ्या डोक्याच्या वर उचलून सुरुवात करतेय, खांदा गेला माझा, कारण मला वाटलं फक्त मलाच माहितीये!”

“तुम्हाला?” मावशी म्हणाली. “मी कशासाठी पाय आपटते एवढा? मला काय मुंग्या येतात?”

मागून कुणीतरी म्हणालं, “आम्ही मानेने देतो.” आणखी कुणी म्हणालं, “आम्ही भुवयांनी.” सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले. एकवीस माणसं, प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच सांभाळतोय, आणि शेजारचा उगाच नखरे करतोय. मला वाटायचं, साम्बा असाच वाजवतात.

कोच वाद्यांच्या पेटीवर बसल्या. हसत होत्या की काय, मला दिसलं नाही, त्यांनी तोंड टॉवेलने पुसून घेतलं. डॉक्टरीणबाई काकांपाशी जाऊन हळू आवाजात म्हणत होत्या, “उद्या दवाखान्यात याल का हो? त्या माणसाने कुलूप वाकडं बसवलंय, दार ओढून लाथ मारावी लागते.” काका म्हणाले, “दहाला येतो.”

मी कोचपाशी गेले आणि त्यांच्या समोर उभी राहिले, ओठ दिसतील अशी. भीती वाटत होती, पण हे न विचारता मिरवणुकीला जाणं मला शक्य नव्हतं.

“माझे हात दिसतात म्हणून मला निवडलंत ना?”

“हो,” त्या म्हणाल्या. गोड बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

“आणि वाजवणं?”

“ते मला माहीत नाही गं. तुझं खरं वाजवणं मी अजून ऐकलेलंच नाही.” त्यांनी उठून रेपिनिकी काकांकडून घेतला आणि माझ्याकडे धरला. “वाद्य तुझ्यामुळे ढिलं नव्हतं. तेव्हा हाक तुझी. पण चांगलं का वाईट, ते मला विचारू नकोस.”

मी पट्टा खांद्यावर घेतला. काकांनी सुर्डो उचलला, मावशीने त्यांना जागा करून दिली. कोचनी हात वर केला आणि आता लपवायचं काही नव्हतं, तर डोळे अगदी उघडपणे माझ्या कोपरांवर रोवले.

मी हाक दिली. घट्ट, वरच्या आवाजात, दोन्ही हात फेकून. हात बरोबर वेळेवर खाली आला आणि सगळं गोदाम हललं. मावशीने विचारलं, काकांनी उत्तर दिलं. आम्ही शेवटापर्यंत वाजवलं, न चुकता.

सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र काकांकडे वळले.

“कसं होतं?” मी विचारलं. “खरं सांगा.”

त्यांनी थोडा विचार केला. “शेवटचा ठोका घाईत टाकतेस,” ते म्हणाले. “नेहमीच.”

नेहमीच! मी काठी पुन्हा उचलली.